गच्चीवरचं दाणा-पाणी आणि कॅमेरा : सोलापुरात घरबसल्या पक्ष्यांचे फोटो काढायचे तर

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी एक हिरवं प्लास्टिकचं फीडर ऑनलाइन मागवलं, गॅलरीत टांगलं, त्यात सोबत आलेलं रंगीबेरंगी धान्य भरलं आणि कॅमेरा गळ्यात अडकवून बसले. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी दोन पारवे आले आणि त्यांनी फीडर खाली पाडलं. त्याच आठ दिवसांत गच्चीच्या कठड्यावर मात्र चिमण्यांची शाळा भरत होती. तिथे सासूबाई गेली कित्येक वर्षं रोज सकाळी मूठभर ज्वारी टाकतात आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी ठेवतात. मला म्हणाल्या, "तुजं दुकान चालंना बग. माज्याकडं बस येऊन."

बसले, आणि तिथून शिकले. मी जुळे सोलापुरात राहते. लहान गच्ची, मागे चार-पाच फुटांचं परस, पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर एक बाभूळ आणि दोन शेवगे, एवढंच भांडवल. पक्ष्यांचे फोटो म्हटलं की आपल्याकडे लोक हिप्परगा तलाव नाहीतर नान्नजचा माळ गाठतात. तिथे जरूर जा, पण शिकायला घर बरं. रोज तोच पक्षी, तीच जागा, तोच प्रकाश असतो, त्यामुळे काल काय चुकलं ते आज दुरुस्त करता येतं.

एक गोष्ट आधीच सांगते. नवीन माणूस कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे आधी पाणी लागतं, मग पक्ष्याला बसायला काडी, मग प्रकाश. कॅमेरा सगळ्यात शेवटी. खालचा क्रमही तोच ठेवला आहे.

काय काय लागेल

- मातीची पसरट परात किंवा कुंडीखालची ताटली, शक्यतो दोन
- पाच लिटरचा रिकामा कॅन आणि मेडिकलमध्ये मिळणारा सलाईनचा सेट (फक्त नळी, सुई नको)
- ज्वारी, बाजरी, राळा
- वाळलेल्या दोन-तीन फांद्या, वाळू भरलेली बादली किंवा जुना रंगाचा डबा
- सुतळी, तार, पक्कड
- एक जुनी जाड चादर
- कापडी पिशवीत भरलेली दोन किलो ज्वारी (कशासाठी, ते पुढे येईल)
- कॅमेरा आणि २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स. नसेल तर मोबाइल आणि साधा स्टँड.

कागदपत्रं काही लागत नाहीत. आपल्या गच्चीवरून मोकळ्या पक्ष्याचा फोटो काढायला कुणाची परवानगी नको. फक्त एक ध्यानात असू द्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे रानपक्षी पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं, त्यांची अंडी-घरटी काढणं गुन्हा आहे. "हातात धरून छान फोटो येईल" असं सुचवणारा कोणीतरी भेटतोच. घरातला पिंजऱ्यातला पोपटही त्याच कायद्यात बसतो.

१. आधी पाणी ठेवा, दाणे नंतर

फेब्रुवारी संपला की सोलापूर तापायला लागतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. दाणे पक्ष्याला कुठेही सापडतात. मार्केट यार्डात सांडलेले असतात, किराणा दुकानासमोर असतात, सुगीनंतर रानात तर असतातच. स्वच्छ, उथळ पाणी मात्र दुर्मीळ. शिवाय दाणे खाणारे पक्षी मोजकेच असतात. बुलबुल, दयाळ, शिंपी, चीरक, सूर्यपक्षी यांना तुमची ज्वारी नको असते, पाणी सगळ्यांना लागतं. माझ्या वहीत गच्चीवर नोंदवलेल्या पक्ष्यांपैकी निम्म्याहून जास्त फक्त पाण्यासाठी आलेले आहेत.

परात पसरट हवी. कडेला अर्धा इंच, मध्ये फार तर दोन इंच पाणी. खोल भांड्यात चिमणी उतरतच नाही, काठावर बसून मान लांबवते आणि उडून जाते. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, निम्मा पाण्याबाहेर राहील असा. स्टीलचं भांडं उन्हात चटका देतं. प्लास्टिक गुळगुळीत, त्यावर पंजा घसरतो. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेला माठ विकायला बसतात त्यांच्याकडे मातीची परात मिळते.

आता सलाईनची नळी. पाच लिटरचा कॅन परातीपासून तीन-चार फूट उंच टांगा, बुडाला नळी जोडा आणि तिचं चाक फिरवून थेंब थेंब पडू द्या. साचलेलं पाणी पक्ष्याला वरून दिसावं लागतं, पडणाऱ्या थेंबाचा टपटप आवाज मात्र झाडाआडही पोचतो. नळी लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आधी वर्षभरात एकदाही न आलेला शिंपी माझ्या परातीवर आला होता.

पाणी किती जातं याची काळजी आपल्या गावात कोणालाही वाटणारच, नळाला रोज पाणी कुठे येतं? तर हिशोब असा. साध्या सलाईन सेटचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब सोडला तर तासाला १८० मिलिलिटर. सकाळी तीन तास चालवलं तरी अर्ध्या लिटरच्या आसपास. तेवढं तर भाजी धुतानाच जातं.

पाणी रोज बदला, परात नारळाच्या शेंड्या घेऊन घासा. साबण नको. आठवडा आठवडा साचून राहिलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, आणि मग गल्लीत डेंग्यूचा पेशंट निघाला की बोट तुमच्या परातीकडे येणार. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी पक्ष्यांना ठेवू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर परातीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि तो फोटोत फार घाण दिसतो. लिंबाच्या फोडीने घासला की निघतो.

२. दाणा : थोडा, साधा आणि एकाच वेळी

ज्वारी, बाजरी, राळा. बस. राळा मुनियांसाठी, कारण त्यांची चोच लहान. ज्वारी चिमण्या आणि होल्यांसाठी (होला म्हणजे पारव्याचा लहान भाऊबंद). ऑनलाइन मिळणाऱ्या मिश्रणातले रंगवलेले दाणे कोणी शिवत नाही, ते खाली पडून भिजतात आणि बुरशी धरतात.

फरसाण, शेव, चिवडा, पाव, बिस्किटं टाकू नका. खारट आणि तळलेलं पक्ष्यांना सोसत नाही. भाकरीचा चुरा चालतो, पण त्यात मीठ नको. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी कौतुकाने शेंगाची चटणी लावलेली कडक भाकरी कुस्करून टाकली. साळुंकीने एक तुकडा उचलला, डोकं झटकलं आणि सरळ पाण्यावर गेली.

फळांत पपई, केळं, पेरू. आणि आपल्या जिल्ह्याचं फळ, डाळिंब. बाजारात तडकलेली डाळिंबं स्वस्तात मिळतात, त्यातलं अर्धं फांदीच्या काट्यात खोचून ठेवा. लालबुड्या बुलबुल त्यावर असा बसतो की फोटो काढणाऱ्याला घाई करायची गरजच नाही. चोचीत एक लाल दाणा, शेपटीखाली तसाच लाल डाग! हा फोटो मला सलग दोन उन्हाळे हुकला, तिसऱ्यात मिळाला. दोन तासांनी फळ काढून टाका, नाहीतर मुंग्या आणि गांधीलमाश्या कब्जा घेतात.

दाणे मूठभरच टाका आणि वेळ ठरलेली ठेवा. माझी वेळ सकाळी सव्वासहा. रात्री दाणे राहिले तर उंदीर येतात, दिवसभर राहिले तर पारवे. वेळ बांधून दिली की आठ-दहा दिवसांत चिमण्या आधीच तारेवर येऊन वाट पाहतात. म्हणजे तुम्हालाही सहा तास ताटकळत बसावं लागत नाही. सूर्यपक्ष्यासाठी साखरेचं पाणी ठेवण्याचा खटाटोप करू नका. जास्वंद लावा, कोरफडीला फुलं येऊ द्या. शेजारी शेवगा फुलावर असेल तर मग काहीच करायला नको.

३. जागा ठरवताना : मांजर, पारवे आणि शेजारी

हा भाग वाचायला कंटाळवाणा आहे, पण माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच. पक्ष्यांना आडोसा हवा असं वाचून मी परात परसात जास्वंदीच्या अगदी खाली ठेवली होती. फोटो छान येऊ लागले. पाचव्या दिवशी कॅमेऱ्यातून बघत असताना पानांमागून एक पिवळट पंजा आला आणि चिमणी गेली. बोट बटणावरच होतं. नंतर पाहिलं तर तीन फ्रेम निघालेल्या होत्या. त्या मी पुसल्या, कोणाला दाखवल्या नाहीत.

तेव्हापासून नियम असा : झुडूप किंवा झाड सहा ते आठ फुटांवर असावं. शिक्रा, म्हणजे लहान पक्ष्यांवर झडप घालणारा शिकारी पक्षी, आला तर पक्ष्याला तिथे पळता येतं, आणि मांजराला तिथून थेट झेप घेता येत नाही. परात जमिनीवर नको, कमरेच्या वर, सगळ्या बाजूंनी मोकळी. कठड्यावर ठेवणार असाल तर मांजर तिथे कुठून चढतं ते आधी दोन दिवस पाहा. खिडकीची मोठी काच परातीपासून लांब असू द्या. दचकून उडालेला पक्षी काचेतल्या आभाळावर जाऊन आपटतो.

पारव्यांना प्रोत्साहन देऊ नका. एकदा जमले की बाकी सगळे जातात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. माझा उपाय असा : राळा आणि बाजरी जमिनीवर न टाकता झुलत्या करवंटीत ठेवायची. हलणाऱ्या करवंटीवर पारव्याला तोल सावरत नाही, मुनिया आरामात बसते.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूच्या गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात. तुमच्याकडे आलेली पाहुणेमंडळी तिकडेही जेवायला जाणार. आधीच जाऊन बोला. मी दर वर्षी वाळवणाच्या आठवड्यात दाणा बंद ठेवते, पाणी चालू ठेवते. बदल्यात त्यांच्या गच्चीवरूनही फोटो काढता येतात.

४. बसायला काडी

खरं गुपित हे आहे. परातीवर बसलेल्या चिमणीचा फोटो म्हणजे परातीचाच फोटो. पक्षी मात्र थेट परातीवर कधी उतरत नाही. आधी जवळ कुठेतरी बसतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, मग उतरतो. ते "कुठेतरी" तुम्ही ठरवायचं. फोटो तिथे काढायचा.

वाळूच्या बादलीत फांदी उभी करा, तिचं टोक परातीपासून फूट-दीड फुटावर येईल अशी. आसपास दुसरं काही बसण्याजोगं ठेवू नका. कपड्यांची दोरी सोडा, झाडू आत घ्या. नाहीतर पक्षी हटकून झाडूवर बसतो. फांदीची जाडी पक्ष्याप्रमाणे निवडा. मुनियाला करंगळीएवढी, साळुंकीला अंगठ्याएवढी. बाभळीची साल फोटोत सुंदर दिसते, बोरीचे काटेही. शेवग्याची फांदी घेऊ नका, वाळली की मोडते.

फांदी तुमच्याकडे टोक करून उभी करू नका, आडवी धरा. पक्षी बहुधा फांदीला काटकोनात तोंड करून बसतो, म्हणून तिला थोडा तिरका कोन द्या. म्हणजे एक बाजू दिसते आणि डोळाही येतो. पंधरा दिवसांनी फांदी बदला, नाहीतर सगळ्या फोटोंत तीच गाठ तीच साल. मला स्वतःला हे सहा महिन्यांनी कळलं, तोपर्यंत चाळीसएक चांगले फोटो एकाच फांदीचे झाले होते.

आता पाठीमागे बघा. काळी टाकी, डिशचा अँटेना, वाळत घातलेला टॉवेल यातलं काही फांदीमागे येतंय का? फांदी आणि मागचं दृश्य यांत दहा-बारा फूट तरी अंतर हवं, मग मागचं सगळं विरघळून रंगाचा पडदा होतो. मागे भिंतच असेल तर ती झाकायला जुनी फिक्या रंगाची चादर ताणून बांधा. मी पहिल्यांदा घरातली मोराच्या नक्षीची चादर बांधली होती, आणि अंतर ठेवलं पाच फूट. चिमणीच्या डोक्यामागे अर्धवट पुसट मोर उभा! तो फोटो घरात अजून चेष्टेला येतो.

५. सोलापूरचं ऊन

मेमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या आत उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास. उगवल्यापासून पहिले दोन-अडीच तास तुमचे. नंतर प्रकाश पांढरा फटक होतो, पक्ष्याच्या डोळ्याखाली काळी सावली पडते आणि पिसांचा पोत जातो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या खांबाची सावलीही पायाशी गोळा होते. त्या वेळी कॅमेरा आत ठेवा आणि ताक प्या. संध्याकाळी पाचनंतर परत या.

सूर्य तुमच्या पाठीशी हवा. म्हणजे सकाळी तुम्ही पूर्वेला आणि फांदी तुमच्या पश्चिमेला. गच्ची लहान असेल तर सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा दोन जागा करा, बादली सरकवायला कितीसा वेळ लागतो? उलट्या प्रकाशात होल्याच्या कडेला सोनेरी रेघ येते, तोही फोटो छान होतो, पण तो नंतरचा धडा.

एक सापळा फार कोणी सांगत नाही. नऊनंतर गच्चीचा स्लॅब तापला की त्यावरून हवा थरथरते, रस्त्यावर पाणी असल्यासारखं दिसतं तशी. त्या हवेतून लांबच्या लेन्सने काढलेला फोटो कितीही नीट फोकस केला तरी भुरकटच येतो. मी लेन्स दुरुस्तीला टाकायला निघाले होते. लेन्सला काही झालेलं नव्हतं, सकाळी सातला तीच लेन्स पीस न् पीस दाखवत होती.

६. लपून बसा

पक्षी कपड्यांच्या रंगाला घाबरतो त्याहून जास्त हालचालीला. दाराच्या चौकटीत आपली जाड सोलापुरी चादर टांगा, लेन्सच्या उंचीवर फट ठेवा आणि मागे स्टुलावर बसा. चादरीचा फायदा म्हणजे तिचं वजन. पातळ ओढणी वाऱ्यावर फडफडते आणि पक्षी उडतात. चादर नुसती लोंबते. ती दोन दिवस आधीच टांगून ठेवा, म्हणजे त्यांना सवय होते.

ज्वारीची पिशवी इथे लागते. खिडकीच्या कट्ट्यावर पिशवी ठेवून मध्ये खळगा करा आणि त्यात लेन्स टेकवा. स्टँडपेक्षा बरी, पटकन वळवता येते. फक्त रात्री आत घ्या. माझी पहिली पिशवी उंदरांनी कुरतडली, सकाळी खिडकीखाली ज्वारी सांडलेली आणि चिमण्यांची चंगळ.

खिडकीच्या काचेतून काढावं लागलं तर लेन्सचं तोंड काचेला चिकटवा आणि खोलीतला दिवा घालवा. डासांची जाळी असेल तर ती काढाच.

७. आता कॅमेरा

अंतराचा हिशोब आधी. लहान सेन्सरच्या साध्या डीएसएलआरवर २५० मिलिमीटरला चार मीटरवर, म्हणजे साधारण तेरा फुटांवर, सुमारे ३५ सेंटिमीटर रुंदीची चौकट दिसते. चिमणी १५ सेंटिमीटरची. म्हणजे ती चौकटीत छान मावते आणि आजूबाजूला श्वास घ्यायला जागाही राहते. तेव्हा फांदी तुमच्यापासून नऊ ते तेरा फुटांवर ठेवा, सहाशेची लेन्स घ्यायची काही घाई नको. त्या पैशात दोन-चार उन्हाळे ज्वारी येते.

याच अंतरावर एफ ५.६ अ‍ॅपर्चरला, म्हणजे लेन्स जवळजवळ पूर्ण उघडी असताना, फोकस जेमतेम पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात असतो. पक्षी आडवा बसला तर सगळा स्पष्ट, तुमच्याकडे तोंड करून बसला तर चोच स्पष्ट आणि शेपूट धूसर. फोकस कायम डोळ्यावर. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर चालू करा, नसेल तर एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर धरा.

सुरुवातीला एवढं लावा आणि विसरून जा :

- शटर १/१००० सेकंद. नुसता बसलेला होला १/५०० ला चालतो, पण चिमणी कधी नुसती बसत नाही. आंघोळीचे थेंब गोठवायचे तर १/२०००.
- अ‍ॅपर्चर लेन्सला जेवढं उघडं जाईल तेवढं, एफ ५.६ किंवा ६.३.
- आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा ३२००.
- सलग फोकस, सलग फ्रेम.
- फ्लॅश बंद. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर तोही.

चीरक नर जवळजवळ काळा असतो. त्याने चौकट भरली की कॅमेरा फसतो आणि काळ्याला राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी करा. तोच चीरक उजळ आभाळासमोर बसला की उलट, थोडं वाढवा. मुनियाचं पोट पांढरट, सकाळच्या थेट उन्हात तिथला तपशील उडतो. तिथेही अर्धा पाऊण टप्पा कमी.

सलग फ्रेम का, ते एका साध्या गोष्टीवरून. पक्ष्याला तिसरी पापणी असते, पारदर्शक-दुधी, डोळ्यावरून आडवी सरकणारी. पाण्यात चोच बुडवताना, अंग झटकताना ती क्षणभर येते. आपल्या डोळ्यांना ती दिसतही नाही, फोटोत मात्र पक्षी मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. मी सुरुवातीला एकेक फोटो काढायचे आणि निम्म्या चिमण्या आंधळ्या यायच्या. आता पाच-सहा फ्रेम घेते, एखादीत डोळा उघडा आणि त्यात सूर्याचा ठिपका असतोच.

आणि खाली बसा. होला जमिनीवर चरत असेल तर उभं राहून काढलेला फोटो म्हणजे होल्याची पाठ. पोटावर पडून, कॅमेरा ज्वारीच्या पिशवीवर ठेवून, त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढा. गुडघे दुखतात, ते गृहीत धरा.

८. मोबाइलच असेल तर

मोबाइल स्टँडवर लावून फांदीपासून दोन फुटांवर ठेवा, फोकस फांदीवर बोट दाबून पक्का करा आणि आत जा. ब्लूटूथचं छोटं बटण मिळतं, त्याने लांबून फोटो काढता येतो. नाहीतर सरळ व्हिडिओ लावून ठेवा आणि नंतर त्यातली हवी ती फ्रेम घ्या. पहिले दोन दिवस मोबाइलच्या आकाराचा लाकडी ठोकळा तिथे ठेवून सवय लावा. उन्हात मोबाइल तापून बंद पडतो, सावलीची सोय करा. डिजिटल झूम करून लांबून काढू नका, तो फोटो नुसता मोठा होतो, चांगला होत नाही.

९. कोण, कधी

चिमणी, साळुंकी, होला, बुलबुल बारा महिने. मुनिया थव्याने येतात, दहा-बारा एका काडीवर खेटून बसतात. टोकाची एक सरकली की सगळी ओळ सरकते, पलीकडच्या टोकाची पडता पडता उडते आणि पुन्हा मध्ये येऊन घुसते. भांगपाडी मैना, काळा भांग आणि बदामी अंग, पाण्यावर हमखास. सातभाई आले की भांडण घेऊनच येतात आणि परात रिकामी करून जातात. सूर्यपक्ष्याचा नर विणीच्या काळात जांभळा चमकतो. एरवी पिवळट पोटावर मधोमध एक गडद पट्टा उरतो, तेव्हा त्याला वेगळा पक्षी समजू नका.

थंडीत ज्वारीचा हुरडा भरायला लागतो तेव्हा भोरड्या येतात, म्हणजेच पळसमैना. मध्य आशियाकडून आलेले हे गुलाबी-काळे पाहुणे हजारोंनी रानावर उतरतात. गच्चीवर क्वचितच, पण शेजारी पळस किंवा पांगारा फुलला असेल तर दार उघडं ठेवून बसा. एप्रिलपर्यंत ते परत जातात.

सगळे अचानक गप्प झाले, चिमण्या जागच्या जागी गोठल्या, तर वर बघा. शिक्रा आहे. त्यालाही जगायचंय, त्याला हुसकू नका. फोटो मिळाला तर घ्या.

घरटं दिसलं तर मात्र कॅमेरा खाली. पानं बाजूला सारून काढलेला पिलांचा फोटो म्हणजे कावळ्याला दिलेला पत्ता.

१०. नोंद ठेवा

रोज तारीख, वेळ, पक्षी, संख्या एवढं वहीत लिहा. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी जमवणारी वेबसाइट) टाकलंत तर अभ्यासकांनाही उपयोगी पडतं. दर फेब्रुवारीत चार दिवस अंगणातले पक्षी मोजण्याचा जागतिक उपक्रम असतो, भारतातले लोक त्यात २०१३पासून आहेत, पंधरा मिनिटांची मोजणीही चालते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. १२ तारीख पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्माची, आणि ५ तारीख पक्ष्यांची मराठी नावं जमवणारे लेखक मारुती चितमपल्ली यांच्या, ते १९३२ साली आपल्याच सोलापुरात जन्मले. तेव्हा वहीत पक्ष्यांची मराठी नावं लिहा. चीरक, शिंजीर (म्हणजे सूर्यपक्षी), होला ही नावं तोंडात बसली की पक्षीही लवकर ओळखू येतो.

फोटो निवडताना निर्दय व्हा. मी एका सकाळी चारशे काढते, ठेवते चार.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की परातीवरची गर्दी एकदम ओसरते. जागोजागी डबकी होतात, किडे निघतात, पिलांना भरवायला त्यांना तेच हवं असतं. तुमचं काही चुकलेलं नाही. दाणा बंद करा, परात घासून पालथी घाला, फांद्या फेकून द्या, सलाईनची नळी धुऊन वाळवा. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. सासूबाई मात्र पावसातही कठड्यावर मूठभर ज्वारी टाकतात. ती भिजते, फुगते आणि ऑगस्टपर्यंत कठड्याच्या भेगेतून ज्वारीची दोन-तीन ताटं उगवून आलेली असतात. गेल्या वर्षी त्यातल्या एकाला बोटभर कणीस आलं, आणि सगळ्यात आधी त्यावर येऊन बसली मुनिया. कॅमेरा डब्यात होता.